गट घेणाऱ्याने गप्प कधी बसायचं?

व्यसनमुक्ती केंद्रात नव्याने रुजू झालेल्या समुपदेशकाला पहिल्यांदा गट घ्यायला सांगितलं, की तो बहुधा व्याख्यान देतो. दारूने यकृताचं काय होतं, घरच्यांचे कसे हाल होतात, पैसा कसा जातो, हे सगळं तो तळमळीने सांगतो. समोरचे दहा-बारा जण माना डोलावतात आणि तास संपतो. यातलं काहीच त्यांना नवीन नसतं. यकृताचे रिपोर्ट त्यांच्या फायलीत असतात आणि घरच्यांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असतात. म्हणून समूह समुपदेशन शिकताना पहिली मेहनत घ्यावी लागते ती हे व्याख्यान थांबवण्यासाठी.

माणसं एकमेकांमुळे सावरतात, हे वैद्यकाला तसं उशिराच उमगलं. 1905 मध्ये बोस्टनच्या डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरोग्यांचे साप्ताहिक वर्ग सुरू केले. हेतू होता स्वच्छता आणि विश्रांतीचे नियम शिकवण्याचा. पण रोग्यांना खरा धीर मिळत होता तो शेजारी बसलेल्या दुसऱ्या रोग्याकडून. पुढे 1935 मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी आला. तिथे त्याचा व्यवहार फसला आणि दारूची ओढ उसळली. अशा वेळी त्याने शोधला तो बोलायला दुसरा एखादा दारुडा. त्याला भेटले शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ. बॉब यांनी शेवटचा प्याला घेतला तो दिवस, 10 जून 1935, ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा (‘एए’) स्थापना दिवस मानला जातो. या भेटीतलं लक्षात घेण्यासारखं असं, की बिल बॉबना सुधारायला गेला नव्हता. स्वतः न पिता राहता यावं म्हणून त्याला बोलायचं होतं.

‘एए’च्या मीटिंगमध्ये प्रत्येक जण आपापलं सांगतो. दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही, उलटतपासणी घ्यायची नाही, अशी तिथली रीत आहे. तिथे कोणी उपचारक नसतो. समुपदेशनाच्या गटात मात्र सदस्यांनी एकमेकांशी बोलावं, यासाठीच एक प्रशिक्षित माणूस बसलेला असतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी 1970 मध्ये समूह मानसोपचारावर जे पुस्तक लिहिलं, त्यात अशा गटातून माणूस बरा का होतो याची कारणं उलगडली आहेत. हे माझ्या एकट्याच्याच वाट्याला आलेलं नाही, ही जाणीव त्यातली एक. आपल्यापेक्षा चार पावलं पुढे गेलेला माणूस पाहून वाटणारी आशा ही दुसरी. दाखल होऊन चार दिवस झालेल्याला चौथ्या आठवड्यातला रुग्ण जे देऊ शकतो, ते कितीही निष्णात डॉक्टरला देता येत नाही.

पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, तेव्हा शहरात गर्दने (ब्राउन शुगरने) थैमान घातलं होतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्या या कामामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे उभे राहिले. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांनाच कार्यकर्ते म्हणून सोबत घ्यायचं, ही इथली मोठी देणगी. ज्याने स्वतः टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, भोगली आहे, त्याला ‘तुम्हाला काय कळणार?’ असं कोणी म्हणू शकत नाही. पण हाच माणूस गट घ्यायला बसला, की त्याच्यापुढे वेगळी अडचण उभी राहते. मी असा सुटलो, तर तूही असाच सुटशील, असं तो सांगू लागतो. पदवी घेऊन आलेल्या मुलीला पुस्तकी व्याख्यान आवरायचं असतं, तर याला स्वतःची कहाणी. दोघांनाही प्रशिक्षणाची गरज सारखीच.

गटात कोणाला कधी बसवायचं, इथपासून शिकावं लागतं. दारू तुटल्यावर पहिल्या काही दिवसांत हातपाय थरथरणं, आकडी, भ्रम असं काहीही होऊ शकतं. अशा माणसाला आधी वैद्यकीय उपचार लागतात, गोलात खुर्ची नंतर. सुरुवातीला नियम सांगायचे: इथलं बोलणं इथेच राहील, नशेत यायचं नाही, अंगावर जायचं नाही. गोपनीयता ही सौजन्याची बाब उरलेली नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी निगडित आजारांनाही आपल्या कक्षेत घेतलं आहे आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

मग खरी परीक्षा सुरू होते. समजा, एक रिक्षाचालक जुनी आठवण सांगू लागला: कोणत्या बारमध्ये बसलो, किती रिचवली, कोणाला उचलून घरी नेलं. सगळे हसायला लागतात, डोळे चमकतात आणि बघता बघता अर्ध्या गटाला तलफ येते. नवखा समुपदेशक एक तर खूश होतो, कारण गट बोलतोय; नाही तर दरडावून गप्प करतो. शिकलेला माणूस शांतपणे विचारतो, “दादा, दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं?” आवाज खाली येतो. रिक्षा कुठे होती ते आठवत नव्हतं आणि मुलीची फी भरायची राहून गेली, हे बाहेर पडतं. आता पुढचा प्रश्न बाकीच्यांना: “हे ऐकताना कोणाला स्वतःचं काही आठवलं?” एकाचं बोलणं दुसऱ्याशी जोडून देण्याचं हे काम सगळ्यात कठीण, आणि तेच खरं काम.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. निवृत्त हवालदार आणि कॉलेजचा पोरगा एकाच गोलात बसतात. पोरगा काकांना खोडून काढणार नाही आणि काका पोरासमोर रडणार नाहीत. शिवाय सगळे बोलतात ते सरांकडे किंवा ताईंकडे बघून. म्हणून एक साधी युक्ती शिकवली जाते: कोणी आपल्याकडे बघून बोलू लागला, की आपली नजर हळूच गटावरून फिरवायची. बोलणाऱ्याची नजर मागोमाग जाते. शांतता पसरली, तर लगेच तोंड उघडायचं नाही, मनात वीस आकडे मोजायचे. बहुतेकदा त्याआधीच कोणी तरी बोलतं. तिकडे सल्ला देणारे तयारच असतात. “तुझ्या जागी मी असतो तर...” असं कोणी सुरू केलं, की त्याला त्याच्या स्वतःच्या जागी परत आणायचं: “तुमच्या बाबतीत काय झालं होतं, ते सांगा ना.”

सुट्टीवरून परतलेला एखादा ‘माझी स्लिप झाली’, म्हणजे पुन्हा प्यायलो, असं म्हणतो, तेव्हा गट त्याच्यावर तुटून पडू शकतो. फटकारल्याशिवाय व्यसनी माणूस वठणीवर येत नाही, हा समज जुना आहे. 1958 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘सिनॅनॉन’ या व्यसनमुक्ती संस्थेने तर एकमेकांवर तुटून पडण्यालाच उपचार ठरवलं होतं. पुरावा याच्या उलट आहे. विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दाखवून दिलं, की समुपदेशक जितका अंगावर गेला, तितकं त्या माणसाचं पिणं वर्षभरानंतर जास्त आढळलं. आणि गट नेहमी भलंच करतो, हेही खरं नाही. थॉमस डिशन आणि सहकाऱ्यांच्या 1999 च्या लेखात वाट चुकलेल्या किशोरवयीन मुलांना एकत्र आणण्याचे दुष्परिणाम नोंदवले आहेत: उनाडपणाच्या गोष्टींना मित्रांचं हसू मिळत गेलं आणि काहींचं वागणं आणखी बिघडलं. त्या बारच्या आठवणींवर फुटलेलं हसू सोडून देता येत नाही, ते यासाठी.

हे सगळं शिकवणार कोण? केंद्र सरकारने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कोणतीही मदत मिळते. मानसोपचारतज्ज्ञांच्या भरवशावर ही दरी भरणार नाही. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने यावर एक वाट काढून दाखवली. मानसोपचाराचं कोणतंही शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. समुपदेशन एकेकट्याचं होतं, फार तर चार भेटींचं. 377 पुरुषांच्या या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले: तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 42 टक्के जण दारूपासून दूर होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 18 टक्के होतं.

आकड्यांइतकीच मोलाची आहे या समुपदेशकांची शिकण्याची पद्धत. ते आपल्या भेटी ध्वनिमुद्रित करायचे. नंतर सगळे एकत्र बसून ती ध्वनिमुद्रणं ऐकायचे आणि ठरलेल्या निकषांवर एकमेकांना गुण द्यायचे. कुठे घाई झाली, कुठे प्रश्नाऐवजी उपदेश गेला, हे सहकाऱ्यांच्या तोंडून समोरासमोर ऐकायचं. चूक उघड्यावर मांडायची आणि तरी त्याच खुर्चीत बसून राहायचं, हा अनुभव ते स्वतः घेत होते.

महाराष्ट्रातल्या अनेक केंद्रांत समुपदेशकाला दोन-चार दिवसांची कार्यशाळा मिळते आणि मग थेट गटापुढे बसवलं जातं. त्यानंतर त्याचा गट कोणी पाहत नाही, ऐकत नाही. सुरुवातीचे काही महिने तरी नवख्यासोबत दुसरा अनुभवी समुपदेशक गोलात हवा. एकाने गट चालवायचा, दुसऱ्याने चेहरे पाहायचे: कोण खाली बघतंय, कोणाचा पाय हलतोय, कोण आज पहिल्यांदा बोललं. गट संपला, की दोघांनी अर्धा तास बसून त्यावर बोलायचं. रुग्णांची लेखी संमती घेऊन आठवड्यातला एक गट ध्वनिमुद्रित केला आणि शेजारच्या दोन केंद्रांतल्या समुपदेशकांनी मिळून तो ऐकला, तर गोव्याची पद्धत इथे पुढच्या महिन्यापासूनही सुरू होऊ शकते. लागेल तो एक साधा फोन, एक खोली आणि तो गट ऐकण्याच्या वेळात दुसरं काम न सांगणारा व्यवस्थापक.