घरातला खांब, आपली हाडे आणि घरमालकाकडचे डिपॉझिट

‘पोल डान्सिंग’ हे शब्द वाचून काही वाचकांच्या भुवया वर गेल्या असतील. मंडळाच्या आरोग्य आणि अर्थ विभागात हा विषय कुठून आला, असेही वाटेल. पण ॲथलोनमधला डिसेंबर आठवा. सव्वाचारलाच अंधार पडतो, शॅननवरून गार वारा येतो आणि पाऊस तर पाचवीलाच पुजलेला. संध्याकाळी फिरायला जायचा बेत आठवडाभरही टिकत नाही. मग घरातल्या घरात करता येईल असा व्यायाम शोधला जातो आणि व्हिडिओ बघून कुणीतरी पोलादी खांब मागवते. त्यात वावगे काहीच नाही. मात्र खांब कुठे उभा राहणार, त्याला कोण लटकणार आणि पडझड झाली तर खर्च कोण करणार, हे तीन प्रश्न ऑर्डर देण्याआधी विचारायचे असतात.

आपल्याला खांब नवा नाही

हा खेळ क्लबमधून व्यायामशाळेत आला. आता त्याच्या रीतसर स्पर्धा होतात आणि त्यांत गुण दिले जातात ते ताकद, लवचीकता आणि तोल यांना. मराठी माणसाने तर खांबाला नाके मुरडायचे काहीच कारण नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मल्लखांबाला नवे रूप दिले. तो वारसा आजही चालू आहे. दादरच्या शिवाजी पार्कवर २०१९ साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. तिथल्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना मल्लखांबातल्या कार्यासाठी २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्याकडच्या कितीतरी मुली दोरीच्या मल्लखांबावर तयार झाल्या आहेत. तेव्हा घरातल्या सूनबाईंनी किंवा चिरंजीवांनी खांबावर व्यायाम करायचे ठरवले, तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न बाजूला ठेवावा.

पण लहानपणी शाळेत मल्लखांब केला म्हणून हेही आपोआप जमेल, असे मात्र समजू नये. मल्लखांब लाकडी, जाड आणि वर निमुळता होत जाणारा. त्याला एरंडेल लावतात. हा खांब पोलादी, गुळगुळीत आणि मनगटाएवढाच जाड, साधारण ४५ मिलिमीटर. याला तेल चालत नाही. इथे पकड कोरड्या त्वचेची असते, म्हणून त्या दिवशी अंगाला तेल किंवा क्रीम लावायचे नाही. आखूड कपडे घालतात तेही याच कारणासाठी, कारण लेगिंग घातली की पाय घसरतो. शिवाय मल्लखांब जमिनीत पक्का पुरलेला असतो. घरचा खांब बहुधा फरशी आणि छत यांच्यामध्ये नुसता दाबून बसवलेला असतो. बहुतेक अपघातांचे मूळ इथेच आहे.

आधी छत बघा

पुण्या-मुंबईकडच्या स्लॅबची इथे सवय विसरावी. इथल्या बऱ्याच घरांचे छत म्हणजे लाकडी तुळयांना ठोकलेला प्लास्टरबोर्ड. दोन तुळयांच्या मधे खांब दाबला तर बोर्डाला भोक पडते किंवा वजन येताच खांब सरकतो. खांबाचे वरचे टोक तुळईच्या बरोबर खालीच आले पाहिजे. तुळई शोधायचे छोटे यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळते. बंगलो असेल किंवा वरच्या मजल्यावरची खोली असेल, तर छतावर थेट पोटमाळा असतो. तिथली लाकडे हलकी असतात आणि खालून वर दाब देण्यासाठी बनवलेली नसतात. अशा ठिकाणी माहीतगार सुताराला किंवा इंजिनियरला विचारल्याशिवाय खांब लावू नये.

जमिनीकडेही लक्ष द्यावे. तळमजल्यावर काँक्रीट असेल तर उत्तम. तरंगते लॅमिनेट दाबाने वाकते. जमिनीखाली हीटिंगचे पाइप असतील तर ड्रिलला हातसुद्धा लावू नये. खांबाच्या चारही बाजूंना दीड मीटर तरी मोकळी जागा हवी. टीव्ही, काचेचे टीपॉय, रेडिएटरचा कोपरा आणि रांगते मूल, यांपैकी काहीही त्या वर्तुळात नको. खाली व्यायामाची जाड गादी घालावी. पातळ योगा मॅट पुरत नाही, आणि झोपायच्या गादीवर पाय मुरगळतो.

खांब घेताना किती किलो वजन पेलतो हे लिहिलेले आहे ना, ते पाहावे. केवळ शोभेसाठी विकले जाणारे स्वस्त खांब माणसाच्या वजनासाठी नसतात. दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते. दर वेळी सुरुवात करण्याआधी खांब दोन्ही हातांनी हलवून बघावा आणि सांधे तपासावेत. फिरणारा आणि स्थिर अशा दोन्ही प्रकारांनी चालणारा खांब असेल, तर तो कशावर लावला आहे तेही बघावे.

शरीराचे वेळापत्रक

खांब आणण्याआधी निदान काही आठवडे वर्गात शिकावे. डब्लिनसारख्या मोठ्या शहरांत असे वर्ग चालतात. तिथे मुख्यतः उतरायचे कसे हे शिकून घ्यावे, कारण चढणे अंगात येते, पण उतरणे शिकावे लागते. त्यानंतर घरी पुढील नियम पाळावेत:

१. दहा-पंधरा मिनिटे अंग गरम करावे. मनगटे, खांदे आणि पाठ यांकडे विशेष लक्ष द्यावे.

२. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, मंगळसूत्र काढून ठेवावे. धातूने खांबाला ओरखडे पडतात आणि साखळी अडकली तर गळ्याशी येते.

३. जे उजवीकडून केले ते डावीकडूनही करावे, नाहीतर एकच खांदा झिजतो.

४. डोके खाली आणि पाय वर हा प्रकार एकट्याने घरी शिकायचा नाही. जमिनीवरून झटका न देता, सावकाश पाय वर नेण्याइतकी पोटाची ताकद येईपर्यंत तो प्रकारच नको.

५. घरात दुसरे मोठे माणूस असतानाच सराव करावा. दमल्यावर ‘आणखी एकदाच’ म्हणू नये.

६. एक दिवस सराव, एक दिवस विश्रांती. त्वचेवर काळेनिळे डाग पडतात ते जातात. पण सांध्यात टोचणारी कळ आली तर त्या दिवशी थांबावे.

रक्तदाब, काचबिंदू, चक्कर येणे, खांद्याचे किंवा पाठीचे जुने दुखणे असलेल्यांनी आणि गर्भवतींनी आधी आपल्या जीपीला विचारावे. चाळिशी ओलांडलेल्या भगिनींनी हाडांचीही चौकशी करावी. इथल्या हिवाळ्यातल्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळत नाही, आणि आपल्या सावळ्या त्वचेला ते आणखी कमी मिळते. म्हणूनच इथली आरोग्य खाती गोऱ्या प्रौढांना हॅलोवीनपासून सेंट पॅट्रिक्स डेपर्यंत रोज १५ मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सांगतात, तर सावळ्या वर्णाच्या लोकांना वर्षभर. खांब असो वा नसो, हे प्रत्येक मराठी घराने लक्षात ठेवावे.

आता पैशाचे

घर भाड्याचे असेल तर घरात कोणताही बदल करण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्यावी लागते. आयर्लंडच्या २००४ च्या भाडेकरू कायद्यातच तसे आहे. २०२१ पासून मालक एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागू शकत नाही. पण आजची भाडी पाहता ती रक्कमही मोठी आहे, आणि छताला पडलेले भोक त्यातून कापले जाऊ शकते. साध्या वापराची झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, मात्र खांबाचे भोक झीज म्हणून खपणार नाही. खांब लावण्याआधी छताचे आणि फरशीचे तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवावेत. वाद झालाच तर आरटीबीकडे दाद मागता येते. घर स्वतःचे असेल तर विमा कंपनीला लेखी विचारावे. मैत्रिणींना बोलावून शिकवायचा, त्यातही पैसे घेऊन शिकवायचा विचार असेल, तर घराचा साधा विमा पुरेल असे गृहीत धरू नये.

खरा खर्च मात्र पुढेच आहे. मनगट मोडले तर साधारण सहा आठवडे प्लास्टर. नोकरदाराला १३ आठवडे सलग नोकरी झाली असेल, तर कायद्याने वर्षाला ५ दिवस आजारपणाची पगारी रजा मिळते. तीही पगाराच्या ७० टक्के आणि दिवसाला जास्तीत जास्त ११० युरो. त्यानंतर सरकारी इलनेस बेनिफिटसाठी इतर अटींबरोबर किमान १०४ आठवड्यांचा पीआरएसआय भरलेला असावा लागतो. म्हणजे ज्यांना इथे येऊन दोन वर्षेही झालेली नाहीत, त्यांचे घर पाच दिवसांनंतर बिनपगारी होऊ शकते. स्वतःचा धंदा करणाऱ्यांना तर हा बेनिफिटच नाही. म्हणून आपल्या कंपनीची आजारपणाची रजा कायद्याच्या पलीकडे किती आहे, हे आजच एचआरला विचारावे. खांबाच्या किमतीत जाड गादी, वर्गाची फी आणि सहा आठवड्यांचा घरखर्च धरावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत ते असे.

पडझड झालीच तर

डोके, मान किंवा पाठ आपटली तर उठवू नये, हलवू नये, ११२ किंवा ९९९ फिरवावा. हात-पाय मुरगळला किंवा मोडल्यासारखा वाटला, तर रॉसकॉमनच्या रुग्णालयातले इंज्युरी युनिट जवळ पडते. जीपीची चिठ्ठी नसेल तर इंज्युरी युनिटला ७५ युरो, आणि मोठ्या इमर्जन्सी विभागात १०० युरो आकारले जातात. मेडिकल कार्ड असेल तर ते लागत नाहीत. सर्व पावत्या जपून ठेवाव्यात. विम्याने न दिलेल्या वैद्यकीय खर्चावर २० टक्के करसवलत मिळते, डॉक्टरांनी सांगितलेली फिजिओथेरपीही त्यात येते, आणि चार वर्षांपर्यंत मागे जाऊन ती मागता येते. आपल्यातले कितीतरी जण हे पैसे मागतच नाहीत.

एवढे वाचून कुणी घाबरून खांबाचा नाद सोडू नये. खांदे, पाठ आणि पोट यांना मजबूत करणारा, मनाला उभारी देणारा हा व्यायाम आहे. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास, पक्क्या तुळईखाली आणि जाड गादीवर केला, तर हिवाळा बघता बघता सरेल. जय बजरंगबली म्हणावे आणि सुरुवात करावी. मात्र घरमालकाची चिठ्ठी आधी फाइलला लावून!