कॅरीबॅगमधला गरम चहा आणि बायकांची पाळी : नेमका संबंध काय?

कापूस वेचणी असो की सोयाबीनची सोंगणी, दहा-अकराच्या सुमारास बांधावर चहा येतो तो प्लास्टिकच्या पिशवीत, वर गाठ मारून. मग कागदी कपात ओतायचा. राज्यात २०१८ साली कॅरीबॅगवर बंदी आली, चहाची पिशवी मात्र जिथल्या तिथंच आहे. मजुरीला जाणाऱ्या बायकांच्या पोटात हा चहा रोज जातो. म्हणून प्लास्टिकचा पाळीशी, दिवस राहण्याशी काय संबंध आहे ते समजून घेतलं पाहिजे.

प्लास्टिक सगळं एक नसतं. कडक, काचेसारखं दिसणारं प्लास्टिक बनवायला बीपीए नावाचं रसायन लागतं. पाण्याचे बरेचसे २० लिटरचे पारदर्शक जार याच प्लास्टिकचे असतात. पीव्हीसी मऊ करायला थॅलेट नावाची रसायनं घालतात. उष्णता, तेल किंवा ओरखडे लागले की ही रसायनं थोडी थोडी सुटतात. बीपीए शरीरात गेलं की इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखं वागतं. कुलूप आपलं, किल्ली भलत्याचीच, पण ती थोडीफार फिरते, अशातला प्रकार.

हे कळलं ते एका चुकीतून. १९९८ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला पॅट्रिशिया हंट या शास्त्रज्ञ उंदरांच्या माद्यांची स्त्रीबीजं तपासत होत्या. एरवी शंभरात एक-दोन बीजं बिघडलेली सापडायची, ती एकदम चाळीसवर गेली. शोध घेतला तर पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून फरशी धुण्याच्या पावडरीनं धुतल्या होत्या. त्यामुळं प्लास्टिक खराब होऊन बीपीए सुटलं होतं. पुन्हा मुद्दाम प्रयोग केला, तरी बीजं बिघडलीच. २००३ साली त्यांनी हे छापलं. मुलीची बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात, त्यामुळं गरोदरपणी जास्त जपायचं.

माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत. पण हार्वर्डच्या संशोधकांनी मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या बायकांची लघवी तपासली. जिच्यात बीपीए जास्त, तिची बीजं सरासरीनं कमी मिळाली. थॅलेटच्या बाबतीतही तसंच दिसलं. पीसीओडी असलेल्या बायकांच्या रक्तातही काही अभ्यासांत बीपीए जास्त आढळलं. आता यावरून प्लास्टिकमुळंच पीसीओडी होतो असं म्हणता येत नाही. वजन, घराण्यातला आजार, थायरॉईड अशी कारणं असतातच. आणि मूल होत नसलं की सगळा दोष सुनेवर टाकायची आपल्याकडची रीत चुकीची आहे. तपासणी नवरा-बायको दोघांची लागते. थॅलेटचा पुरुषांच्या वीर्यावरही परिणाम दिसलेला आहे.

चहाच्या पातळ पिशवीत बीपीए सहसा नसतं, हेही खरं. पण काळ्या-रंगीत पिशव्या बऱ्याचदा जुनं प्लास्टिक वितळवून केलेल्या असतात, त्यात काय काय मिसळलंय ते दुकानदारालाही माहीत नसतं. कागदी कपालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीनं २०२० साली दाखवलं की अशा कपात १०० मिली गरम पाणी १५ मिनिटं राहिलं तर प्लास्टिकचे सुमारे २५ हजार बारीक कण त्यात उतरतात.

बरी गोष्ट ही की बीपीए शरीरात साठून राहत नाही, बहुतेक दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. रोज नवं जाणं थांबलं की प्रमाण लगेच उतरतं. म्हणून चहा स्टीलच्या किटलीत न्यायचा, पेला घरून घ्यायचा. हॉटेलवाले म्हणतात, किटली परत येत नाही. मग मुकादमानं आपली किटली ठेवावी, दोन-चारशेचा तर प्रश्न आहे. गरम भाजी, वरण प्लास्टिकच्या डब्यात भरू नये, लोणचं काचेच्या बरणीत बरं. पाण्याचा जार उन्हात ठेवू नये, ओरखडे पडलेला असेल तर बदलून मागावा. बाळाच्या बाटलीला बीपीएचं प्लास्टिक वापरायला देशात २०१५ पासून मनाई आहे, तरी बाजारातली बिननावाची बाटली घेऊ नये. सगळ्यात बरं वाटी-चमचा.

पाळी दोन-तीन महिने चुकत असेल किंवा अंगावरून जास्त जात असेल, तर मात्र किटलीवर भागणार नाही. आशाताईंना सांगून ग्रामीण रुग्णालयात दाखवावं.