बँकेचा आकार व खात्याचें स्थलांतर

दर बदलल्याचें बँकेचें पत्रक पूर्वीं टपालानें येत असे. आतां तें मोबाइलवरील दोन ओळींच्या संदेशांत मावतें. अमुक तारखेपासून किमान शिल्लक व सेवांचे आकार बदलत आहेत, एवढाच त्याचा मतलब असतो. बहुतेक घरांतून हा संदेश न वाचतांच पुसला जातो, आणि दोन-तीन महिन्यांनीं पासबुक भरून आणल्यावर कांहीं रुपये कोठें गेले याचा शोध सुरू होतो. मग घरांतील कोणीतरी वैतागून म्हणतो, "बंदच करून टाका तें खातें, दुसऱ्या बँकेंत नेऊं या." हा विचार रास्त आहे किंवा नाहीं, आणि रास्त असल्यास तो अमलांत कसा आणावयाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचें उत्तर त्रैराशिकानें मिळतें. दुसऱ्यास सबुरी लागते.

आरंभीं एका शब्दाचा घोळ दूर केलेला बरा. इंग्लंडांत ज्यास चालू खातें म्हणतात तें तेथील घरोघरचें नित्याचें खातें होय. पगार त्यांत जमा होतो. भाडें, वीज व विमा त्यांतूनच जातो. भारतांत चालू खातें हें व्यापाऱ्याचें. त्यावर व्याज मिळत नाहीं, पण देवघेवीची मुभा मोठी असते. येथील पांढरपेशा कुटुंबाचा रोजचा व्यवहार चालतो तो बचत खात्यावर. म्हणजे नांव बचतीचें आणि काम चालू खात्याचें. तेव्हां आकाराचा प्रश्न येथें मुख्यतः बचत खात्यालाच येऊन भिडतो. दुकानदाराच्या चालू खात्यावर किमान शिल्लकेची अट सहसा याहून जड असते, आणि रोख भरणा ठराविक मर्यादेबाहेर गेला तर त्याचाही वेगळा आकार पडतो.

खातें सांभाळण्याबद्दल बँकेनें पैसे मागावे, ही कल्पना मुळींच नवी नाहीं. ब्रिटनमध्यें बऱ्याच खातेदारांकडून असा आकार घेतला जाई. १९८४ सालीं मिडलँड बँकेनें, खात्यांत शिल्लक असेल तोंवर आकार घेणार नाहीं, असें जाहीर केलें. गिऱ्हाइकें तिकडे वळूं लागलेलीं पाहून इतर मोठ्या बँकांनाही तोच मार्ग धरावा लागला. आकार उठविण्याचें काम तेथें कायद्यानें नव्हे, तर गिऱ्हाइकांच्या पायांनीं केलें! अर्थात् कांहींच फुकट झालें नव्हतें. खात्यांत पडून राहिलेली रक्कम बँक कर्जाऊ देते व त्या व्याजांतून नोकरांचा पगार, यंत्रांची देखभाल व चेक वटविण्याचा खर्च भागविते. ज्याच्या खात्यांत मोठी रक्कम निजून असते तो नकळत आकार देतच असतो. ज्याची शिल्लक थोडी, त्याचा खर्च मात्र बँकेच्या अंगावर येतो, आणि तो वसूल करण्याची एक रीति म्हणजे किमान शिल्लकेची अट. बँकेची ही बाजू ध्यानांत घेतलीच पाहिजे. तथापि, ज्याच्यापाशीं कमी आहे नेमका त्यालाच दंड, हा न्याय कितीही हिशेबी असला तरी मनाला पटत नाहीं.

भारतांत या दंडाचें येणेंजाणें कसें चालतें याचें उत्तम उदाहरण स्टेट बँकेचें आहे. तिनें २०१२ सालीं तो उठविला होता. १ एप्रिल २०१७ पासून तो पुन्हां लागू झाला, आणि महानगरांतील खात्यांस ५,००० रुपयांची सरासरी शिल्लक आवश्यक ठरली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ती ३,००० वर आली, पुढच्या एप्रिलांत दंडाचे दर उतरले, आणि मार्च २०२० मध्यें अटच रद्द झाली. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत या दंडापोटीं बँकेकडे १,७७१ कोटी रुपये जमा झाले होते; थेंबाथेंबानें तळें किती मोठें साचतें हें त्यावरून दिसावें. पुढें २०२५ च्या जून-जुलैंत कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा इत्यादि सरकारी बँकांनींही साध्या बचत खात्यांवरील हा दंड सोडून दिला. गंमत अशी, कीं लगेच त्यामागून ऑगस्टांत आय्. सी. आय्. सी. आय्. बँकेनें महानगरांतील नव्या खात्यांची अट १०,००० वरून ५०,००० रुपयांवर नेली, आणि ओरड होतांच कांहीं दिवसांत ती १५,००० वर आणली. शिल्लकेची मर्यादा ठरविण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेनें बँकांनाच दिलेली आहे. त्यामुळें एकाच रस्त्यावरील दोन बँकांत जमीन-अस्मानाचा फरक असूं शकतो.

मात्र ही मोकळीक बेलगाम नाहीं. १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें शिल्लक कमी पडल्यास बँकेनें खातेदारास तसें कळविलें पाहिजे आणि ती भरून काढण्यास एक महिन्याची मुदत दिली पाहिजे. दंड हा तुटीच्या प्रमाणांत असावा लागतो. रुपयाची तूट आणि हजाराची तूट यांस एकच दंड चालत नाहीं. शिवाय केवळ दंडामुळें खातें उणें शिलकेंत जातां कामा नये. पासबुकांत दंड दिसल्यावर पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच, कीं सूचना आली होती काय? आली नसेल तर खातें बदलण्यापूर्वीं शाखेंत लेखी तक्रार द्यावी. पुष्कळदां दंड तेवढ्यानेंच परत मिळतो. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागतां येते, व त्यास फी पडत नाहीं.

आतां त्रैराशिक. "आमच्या खात्यांत तर दर महिन्याला चाळीस हजार येतात, मग दंड कसला?" असा प्रश्न बऱ्याच घरांतून विचारला जातो. घोटाळा 'सरासरी' या शब्दांत आहे. रोज दिवस-अखेर जी शिल्लक असेल तिची महिन्याची बेरीज करून तिला दिवसांच्या संख्येनें भागतात. समजा, अट १०,००० ची आहे. चाळीस हजार जमा झाले, चार दिवस राहिले. मग घरभाडें, हप्ता व वाणसामान भागून उरलेले सव्वीस दिवस शिल्लक ४,००० राहिली. बेरीज झाली १,६०,००० अधिक १,०४,०००, म्हणजे २,६४,०००. तीसानें भागतां सरासरी येते ८,८००. तूट १,२०० रुपयांची. दंडाचा दर तुटीवर शेंकडा ६ असला तर ७२ रुपये, आणि त्यावर शेंकडा १८ प्रमाणें वस्तु व सेवा कर धरून सुमारें ८५ रुपये. तेंच भाडें व हप्ता दोन दिवस उशिरा जाईल अशी तारीख बांधून घेतली असती, तर सहा दिवसांची २,४०,००० व चोवीस दिवसांची ९६,००० मिळून सरासरी ११,२०० झाली असती. दंडाचा प्रश्नच उरला नसता. खातें न हलवितां केवळ तारखा हलवून काम भागतें, हें पुष्कळांच्या ध्यानांतच येत नाहीं.

उलट बाजूनेंही हिशेब करून पाहावा. दंड चुकविण्यासाठीं १०,००० रुपये खात्यांत कायमचे अडकवून ठेवले, आणि मुदत ठेवीचें व बचतीचें व्याज यांत शेंकडा चारांचा फरक असला, तर वर्षाकाठीं ४०० रुपये गेले. दंड दिसतो, हें नुकसान दिसत नाहीं, एवढाच काय तो भेद. आणि अशीं खातीं घरांत एकच असतें थोडेंच? पतीचें पगाराचें जुनें खातें, पत्नीचें माहेरच्या शाखेंतलें, मुलाच्या शिष्यवृत्तीसाठीं उघडलेलें, गृहकर्जापायीं उघडावें लागलेलें, अशीं चार-पांच खातीं सहज निघतात. नोकरी सुटल्यावर पगाराचें बिनशिलकी खातें साधें बचत खातें होऊन बसतें व अट गुपचूप लागू होते, हें तर हमखास विसरलें जातें. अशा घरीं नवी बँक शोधण्यापूर्वीं दोन जादा खातीं बंद करणेंच अधिक फायद्याचें.

आणखी एक मार्ग त्याच बँकेंत मोकळा असतो. २०१२ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशान्वयें प्रत्येक बँकेस 'मूलभूत बचत ठेव खातें' द्यावेंच लागतें. त्याला किमान शिल्लक नाहीं, कार्ड विनामूल्य मिळतें, आणि महिन्यांतून निदान चार वेळां पैसे फुकट काढतां येतात. असलेलें खातें या प्रकारांत बदलूनही घेतां येतें. अट इतकीच, कीं त्या बँकेंत खातेदाराचें दुसरें बचत खातें असतां कामा नये. बँकेचा माणूस हें आपणहून क्वचितच सांगतो. नांव घेऊन मागावें लागतें.

एवढें करूनही बँक बदलणेंच इष्ट ठरलें, तर केवळ आकार कमी म्हणून उडी घेऊं नये. महाराष्ट्राला तरी हें निराळें सांगण्याची गरज नाहीं. सप्टेंबर २०१९ मध्यें पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हां आरंभीं खातेदारास केवळ १,००० रुपये काढण्याची परवानगी होती. मुंबईंतील कितीतरी घरांची आयुष्याची पुंजी तेथें अडकली. फेब्रुवारी २०२० पासून ठेवींवरील विम्याची मर्यादा एका बँकेंत एका ठेवीदारास, मुद्दल व व्याज मिळून, ५ लाख रुपये आहे. निवृत्तीची सगळी रक्कम एका जागीं ठेवणाऱ्यानें हा आंकडा आधीं पाहावा आणि दंडाचे ८५ रुपये मग.

प्रत्यक्ष स्थलांतराच्या बाबतींत ब्रिटनचा खातेदार भाग्यवान म्हणावा लागेल. सप्टेंबर २०१३ पासून तेथें अशी व्यवस्था आहे, कीं नव्या बँकेस एकदां सांगितलें म्हणजे कामाच्या सात दिवसांत खातें हलतें. जाणारे हप्ते आपोआप नव्या खात्यांतून जातात, आणि जुन्या क्रमांकावर आलेला पैसा नव्याकडे वळतो. भारतांत मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर झाली. बँकेच्या खात्यालाही तशी सोय असावी, असें रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन उपगव्हर्नर एस्. एस्. मुंद्रा यांनीं २०१७ सालीं सुचविलें होतें. ती आलेली नाहीं. म्हणून येथें प्रत्येक दोरा हातानें सोडवून हातानेंच पुन्हां बांधावा लागतो.

यासाठीं प्रथम गेल्या बारा महिन्यांचा उतारा घेऊन बसावें. बाराच, कारण विम्याचा हप्ता वर्षांतून एकदांच जातो, आणि तीन महिन्यांचा उतारा पाहणाऱ्याच्या नजरेंतून नेमका तोच निसटतो. येणारें व जाणारें निरनिराळें टिपून घ्यावें. नवें खातें उघडून तें चालू झाल्याची खात्री पटल्यावर प्रथम जमेची बाजू हलवावी. जुन्या खात्यांत मात्र निदान तीन महिन्यांच्या हप्त्यांपुरती रक्कम राहूं द्यावी. कर्जाचे व म्युच्युअल फंडांचे हप्ते ज्या स्वयंचलित आदेशानें जातात तो आदेश नव्या खात्यावर नव्यानें नोंदवावा लागतो व नोंदणीस दिवस लागतात. नव्या खात्यांतून पहिला हप्ता गेलेला डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय जुना आदेश रद्द करूं नये. शिलकेअभावीं हप्ता परत गेला, तर बँक एक दंड घेते, कर्ज देणारी संस्था दुसरा घेते, कर्जफेडीच्या नोंदींत डाग पडतो. आणि २००७ च्या देयक व्यवस्थेच्या कायद्यान्वयें असा परतलेला आदेश हा न वटलेल्या चेकासारखाच गुन्हा ठरूं शकतो. महिना ८५ रुपये वांचविण्याच्या नादांत ही पाळी येऊं नये.

चेकांचीही तीच गोष्ट. चेकाची मुदत तीन महिन्यांची असल्यामुळें शेवटचा चेक दिल्यापासून तितका काळ जुनें खातें जिवंत ठेवणें प्राप्त आहे. घरमालकास पुढील तारखांचे चेक देऊन ठेवले असतील, तर ते परत घेऊन नव्या बँकेचे द्यावेत.

जमेच्या बाजूस गोंधळ होतो तो आधार क्रमांकाशीं जोडलेल्या खात्याचा. गॅसचें अनुदान व तत्सम सरकारी रकमा, आधारशीं शेवटीं ज्या बँकेचें खातें जोडलें गेलें असेल, तेथेंच जातात. तेव्हां ती जोडणी नव्या बँकेंत मुद्दाम करून घ्यावी. आयकराचा परतावा, भविष्य निर्वाह निधि आणि शेअरांचा लाभांश यांसाठीं त्या त्या ठिकाणीं नवा क्रमांक कळवावा लागतो. निवृत्तिवेतन हलविण्यास वेगळा अर्ज आहे, व त्यांत कागद इकडून तिकडे जाण्यास वेळ लागतो. नोव्हेंबरांत सरकारी निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यांची गर्दी असते. निदान तो महिना टाळावा. वृद्ध मातापित्यांचें खातें मुलांनीं उत्साहानें हलविलें आणि दोन महिने वेतनच आलें नाहीं, तर त्या दोन महिन्यांचें औषधपाणी कोणी करावयाचें, हा विचार आधीं झालेला असावा. आईवडिलांची ओळखीची शाखा, तेथील खिडकीवरचा ओळखीचा माणूस, यांचीही कांहीं किंमत आहे. ती पासबुकांत छापली जात नाहीं इतकेंच.

नवें खातें उघडतांनाच वारस नोंदवून घ्यावा. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यास चार जणांपर्यंत वारस नोंदवितां येतात. लॉकर जुन्या बँकेंत असेल तर त्याचें भाडें कोणत्या खात्यांतून जातें तेंही पाहावें, नाहींतर खातें बंद आणि किल्ली हातांत, अशी स्थिति व्हावयाची.

शेवटीं जुनें खातें नुसतें रिकामें करून सोडून देऊं नये. दोन वर्षें व्यवहार झाला नाहीं कीं खातें निष्क्रिय ठरतें. दहा वर्षें कोणी न विचारल्यास त्यांतील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधींत जमा होते. ती पुढेंही मागतां येते, पण हेलपाटे पडतात. त्यापेक्षां सर्व वर्षांचे उतारे उतरवून घ्यावेत, त्या वर्षीं दोन्ही बँकांत मिळालेलें व्याज आयकराच्या विवरणांत दाखविण्यासाठीं टिपून ठेवावें, उरलेले चेक व कार्ड फाडून शाखेंत द्यावेत आणि बंद करण्याचा अर्ज संयुक्त खातें असल्यास दोघांच्या सहीनें करावा. खातें उघडून वर्ष झालें नसेल तर कांहीं बँका बंद करण्याचाही आकार घेतात. तो विचारून घ्यावा. खातें बंद झाल्याचें लेखी पत्र मागावें व तें नव्या पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या वेष्टणांतच ठेवावें.