फलक उतरला, तारखा चालू राहिल्या

येळ्ळूरच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' असा फलक कित्येक दशकं उभा होता. बेळगावहून सुटलेली कर्नाटक परिवहनची बस त्याच्यासमोरून गावात शिरायची आणि बसमधल्या कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. २५ जुलै २०१४ रोजी उच्च न्यायालयाच्या आदेशावरून प्रशासनानं तो हटवला. गावानं पुन्हा उभा केला. २७ तारखेला, रविवारी, पोलीस मोठा फौजफाटा घेऊन आले, फलक पुन्हा पाडला आणि मग गल्लीबोळांत, घराघरांत शिरून लाठ्या चालवल्या. म्हातारी माणसं, बायका, कुणाचीच गय झाली नाही.

ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, निदान त्या आठवड्यापुरती तरी होती. पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या, निषेधाची पत्रकं निघाली, सभागृहांत भाषणं झाली. पण येळ्ळूरचा मागोवा घ्यायचा तर मला तो रविवार पुरेसा वाटत नाही. त्या दिवशी धीर दाखवणं गावाच्या हातात नव्हतंच. लाठी दारातच आली होती. माणसांची खरी पारख झाली ती त्यानंतर, गाड्या परत गेल्यावर.

कारण गाड्या गेल्या आणि समन्स आली. गुन्हे नोंदले गेले होते, तेही एक नव्हे, अनेक. कुणाचं नाव एका खटल्यात, कुणाचं दोन-तीन खटल्यांत. आरोपपत्रं कन्नडमध्ये. सकाळी जनावरांचं आटपून, दुधाचं कॅन डेअरीत टाकून माणसं बेळगावच्या कोर्टात जाणार, व्हरांड्यात उभी राहणार, पुकारा झाला की 'हाजर' म्हणणार आणि पुढची तारीख घेऊन परत येणार. 'उद्या काय करतोस?' असं कुणी विचारलं तर 'उद्या तारीख हाय' हे उत्तर गावात इतकं सरावाचं झालं की त्यावर पुढचा प्रश्न येत नसे. तारखेला न जाणं म्हणजे वॉरंट. वॉरंट म्हणजे पुन्हा जामीन, पुन्हा जामीनदार, आणि जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे असा कुणीतरी, ज्याचे आपण आधीच एकदा मिंधे झालेलो असतो. शेतमजुराचा, गवंड्याचा, कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या पोराचा दर तारखेला एक रोज बुडतो. हे वर्षानुवर्षं चाललं. काही खटल्यांत पुढे निर्दोष सुटका झाली. त्या बातमीला वर्तमानपत्रात जेमतेम अर्धा रकाना मिळाला.

या व्हरांड्यात कोण दिसतं, यावरून गाव पुढारी ओळखायला शिकलं. हार घालून घेणारे वेगळे, वकिलाची फी कुठून येणार याची काळजी वाहणारे वेगळे. दोन्ही जातींचे लोक महाराष्ट्र एकीकरण समितीत होते आणि आहेत.

थोडं मागं जाऊ या. संयुक्त महाराष्ट्राची मागणी ज्या साहित्य संमेलनात जोरकसपणे मांडली गेली, ते १९४६ चं संमेलन बेळगावलाच भरलं होतं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते. दहा वर्षांनी, १७ जानेवारी १९५६ रोजी, बेळगाव मुंबई राज्यात राहणार नाही हे कळताच शहर रस्त्यावर आलं आणि गोळीबार झाला. बेळगावात मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, महादेव बारागडी, लक्ष्मण गावडे गेले. निपाणीत कमळाबाई मोहिते गेल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात सामील होणं कागदावर पक्कं झालं. तेव्हापासून तो दिवस इथं काळा दिन. त्यानंतर सत्याग्रह झाले, साराबंदी झाली, माणसं तुरुंगात गेली. १९६६ साली सेनापती बापट उपोषणाला बसले आणि महाजन आयोग आला. १९६७ चा त्याचा अहवाल आला तेव्हा बेळगाव होतं तिथंच राहिलं. महाराष्ट्रानं तो नाकारला, कर्नाटकानं डोक्यावर घेतला. हा सगळा इतिहास सीमाभागातल्या पोरांना पाढ्यांसारखा पाठ असतो, त्यामुळं इथं फार रेंगाळत नाही.

मला रेंगाळायचंय ते मधल्या वर्षांत. १९५६, १९८६, २०१४ या साली बातमी होती. उरलेल्या वर्षांचं काय? येळ्ळूरच्या शिवारात भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवरच मसूर टाकतात. पाऊस संपलेला असतो, पाटाचं पाणी नसतं, दवावर आणि ओलीवर जे येईल ते पीक. चळवळीची मधली वर्षं अशीच निघाली. वर्षाकाठी १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन, १ जूनला हिंडलग्याला स्मारकापाशी, १ नोव्हेंबरला काळी फीत लावून सायकल फेरी. या तारखा सांभाळणारे कार्यकर्ते कुठल्याही मंत्रालयाच्या पायरीवर ओळखले जात नाहीत. परवानगीचा अर्ज द्यायचा, तो नाकारला की फेरी काढायची, गुन्हा नोंदला की तारखेला जायचं. पुन्हा पुढच्या वर्षी अर्ज द्यायचा.

१ जून १९८६ चं कन्नड सक्तीविरोधी आंदोलन तसं नव्हतं. तो वणवा होता. गोळीबारांत नऊ जण गेले. त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या नेत्यांना बेळगावबंदी होती, आणि शरद पवार, छगन भुजबळ वेषांतर करून बेळगावात घुसले होते. जुनी माणसं हे अजून रंगवून सांगतात आणि सांगताना थोडं तिखटमीठही लावतात, त्यात गैर काही नाही. पण त्याच्याशेजारी डिसेंबर २०२२ ठेवून बघा. महाराष्ट्र सरकारनं सीमाप्रश्नासाठी नेमलेले दोन समन्वयक मंत्री, चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई, बेळगावला येणार असं जाहीर झालं. तारीख एकदा बदलली. कर्नाटकानं येऊ नका म्हणून सांगितलं. दौरा झालाच नाही. कायदा-सुव्यवस्थेची कारणं दिली गेली, ती खोटीही नसतील. तरी छत्तीस वर्षांत वेषांतरापासून दौरा रद्द होण्यापर्यंत आपण आलो, ही नोंद येळ्ळूरच्या पारावर बसलेल्या माणसानं केलीच.

या सगळ्या काळात एका माणसाबद्दल सीमाभागात दुमत नव्हतं. प्रा. एन. डी. पाटील. शेतकरी कामगार पक्षाचे, मूळचे सांगली जिल्ह्यातल्या ढवळीचे, शिकवायला अर्थशास्त्र. १९७८ ते ८० सहकारमंत्री होते. त्यानंतर चाळीस वर्षं जगले, पुन्हा मंत्रिपद आलं नाही आणि ते त्यांना हवं होतं असं त्यांच्या वागण्यातून कधी दिसलं नाही. शरद पवारांची बहीण त्यांची पत्नी. पण म्हणून पवारांच्या धोरणाविरुद्ध बोलताना जीभ अडखळली, असं झालं नाही. रायगडातला सेझ असो की कोल्हापूरचा टोल, ते लोकांच्या बाजूला रस्त्यावर बसलेले दिसायचे, वयाची ऐंशी उलटल्यावरही.

सीमाप्रश्नाच्या तज्ज्ञ समितीचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. २००४ साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्याच्या मागं जे कष्ट होते ते भाषणांचे नव्हते. गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता, लोकेच्छा, या चार गोष्टी प्रत्येक गावाबाबत कागदानिशी दाखवायच्या. जनगणनेचे आकडे, नकाशे, जुने दप्तर. एन. डी. सभेत बोलायला उभे राहिले की त्यांचा वर्गच सुरू व्हायचा. टाळ्यांच्या वाक्यासाठी आलेला माणूस कंटाळून जाई; पण बसून राहिलेला घरी जाताना आपल्या गावाचा दावा नेमका कशावर उभा आहे हे समजून जाई. 'लवकरच निकाल लागेल' हे वाक्य सीमाभागानं शेकडो पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय. एन. डीं.चं वैशिष्ट्य असं की ते मुंबईत जे सांगत तेच बेळगावात सांगत, आणि लढा लांबणार आहे हेही तोंडावर सांगत. लोकांना ते आवडलं असेल असं नाही. पण त्यांच्यावर विश्वास ठेवायला सोपं गेलं.

१७ जानेवारी २०२२ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं. सीमाभागात हुतात्मा दिन होता. सकाळी अभिवादन करून घरी परतलेल्या लोकांना ही बातमी मिळाली.

निपाणीचंही एक उदाहरण इथं आठवतं, जरी ते भाषेच्या लढ्यातलं नाही. १९८१ च्या मार्चमध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी तंबाखूच्या भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर शेतकरी बसवले. मराठी बोलणारे, कन्नड बोलणारे, सगळे एकाच पालात. आजूबाजूच्या गावांतून भाकऱ्या यायच्या. तीन आठवड्यांहून जास्त दिवस ते बसले आणि ६ एप्रिलला गोळीबारात बारा शेतकरी गेले. त्या आंदोलनात जो शिस्तीचा धडा होता तो आपल्याकडच्या भाषिक चळवळीनं पुरेसा घेतला नाही, असं मला वाटतं. शेजारच्या कन्नड शेतकऱ्याशी येळ्ळूरच्या माणसाचं वैर कधीच नव्हतं. बाजारात, ऊस तोडताना, लग्नाच्या पंक्तीत ते एकत्रच असतात. ही गोष्ट आपल्या व्यासपीठावरून जितक्या ठामपणे बोलली जायला हवी होती, तितकी बोलली गेली नाही.

आणि आता अवघड भाग. २००५ मध्ये बेळगावच्या महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तेव्हा महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळं फासलं गेलं. महापालिका बरखास्त झाली. डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावात समितीच्या मेळाव्याच्या ठिकाणी समितीचे नेते दीपक दळवी यांच्या तोंडावर शाई टाकली गेली. हे अपमान लोकांनी आपले मानले. पण मतांचं काय झालं? १९९६ च्या लोकसभेला लक्ष वेधण्यासाठी बेळगावात साडेचारशेहून अधिक उमेदवार उभे करणारी चळवळ, २०१३ मध्ये विधानसभेत दोन आमदारांवर आली. २०१८ मध्ये समितीचे दोन गट झाले, एकेका मतदारसंघात आपलीच माणसं आपल्याच माणसांविरुद्ध उभी राहिली, आणि आकडा शून्यावर आला. २०२३ मध्येही शून्यच. त्याच्या मधे २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत शुभम शेळके या तरुण उमेदवाराला लाखावर मतं पडली. म्हणजे मतदार घरी बसलेला नव्हता. त्याला कुणाच्या मागं जायचं हे कळत नव्हतं.

फूट कुणामुळं पडली यावर येळ्ळूरच्या चहाच्या टपरीवर तास तासभर वाद होतो. त्यात मी पडणार नाही. पण एक गोष्ट सगळे गट मान्य करतात. पुढाऱ्यानं सभेत मराठी शाळा वाचवा म्हणायचं आणि स्वतःची नातवंडं शहरातल्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या व्हॅनमध्ये बसवायची, हे गाव बघत होतं. सातबारा मराठीत द्या, पंधरा टक्क्यांहून अधिक भाषिक अल्पसंख्य असतील तिथं कागदपत्रं त्यांच्या भाषेत देण्याची तरतूद आहे, हे निवेदन द्यायला चौघे जात. पण तेच निवेदन पुढच्या महिन्यात कुठवर गेलं हे बघायला एकच जाई. आमच्या भागात यात्रा झाली की पंच कमिटी देवळात बसून जमाखर्च वाचून दाखवते, अगदी नारळ-फुलांपर्यंत. आंदोलनासाठी गोळा झालेल्या वर्गणीचा हिशेब प्रत्येक वेळी असाच वाचला गेला असता तर बरीच भांडणं जन्मालाच आली नसती, असं म्हणणारे कमी नाहीत.

मार्च २०२३ मध्ये गावाच्या डोक्यावरच्या राजहंसगडावर एक मजा झाली. शिवरायांचा पुतळा उभा राहिला होता, निवडणूक दोन महिन्यांवर होती. २ मार्चला भाजपचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मईंनी अनावरण केलं. ५ मार्चला काँग्रेसनं पुन्हा केलं. मग समितीनं जाऊन दुग्धाभिषेक केला. महाराजांना एका महिन्यात इतकं कधी भेटायला कुणी आलं नसेल. ज्या दोन पक्षांची सरकारं आलटून पालटून येळ्ळूरकरांना कोर्टात उभं करत होती, तेच पक्ष गडावर मराठीत घोषणा देत होते. गडावरच्या सिद्धेश्वराला नेहमी जाणारी माणसं मात्र पुतळ्यापाशी हात जोडून खाली उतरली आणि आपल्या कामाला लागली.

दाव्याचं सांगायचं तर तो अजून तिथंच आहे. फलक पडला त्याच वर्षी, सप्टेंबर २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं साक्षी नोंदवण्यासाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांची नेमणूक केली होती. कर्नाटकानं हरकत घेतली आणि ते काम पुढं सरकलं नाही. ज्यांनी साक्ष द्यायची, त्यांच्यातले बरेच आता नाहीत. येळ्ळूरला मात्र दर वर्षी ग्रामीण मराठी साहित्य संमेलन भरतं, ग्रंथदिंडी निघते, आणि मांडव घालायला, खुर्च्या लावायला, पाहुण्यांना बसस्टँडवरून आणायला जी पोरं धावतात त्यांत फलक पडला तेव्हा शाळेत असलेली बरीच आहेत. संमेलन संपल्यावर उरलेले पैसे कुठं ठेवायचे यावर त्यांची रात्री बैठक बसते. बैठक लांबते, आवाज चढतात, शेवटी कुणीतरी वही मागवतो आणि खर्च मोठ्यानं वाचायला लागतो.