नौकेचे पुढचे शीड बदलताना

छोट्या नौकेचे पुढचे शीड फाटले की मालक शिवणाऱ्याला सांगतो, 'अस्सेच दुसरे दे.' मंडळी, चूक इथेच होते. जुने शीड वापराने ताणून फुगीर झालेले असते. माप घ्यावे ते नौकेचे.

डोलकाठीच्या बुंध्यापासून पुढच्या ताणदोराच्या बुंध्यापर्यंतचे अंतर समजा ३ मीटर आहे. शिडाच्या मागच्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेवर टाकलेला लंब ४.५ मीटर भरला, तर ते १५० टक्क्यांचे 'जेनोआ', ३.३ मीटर भरला, तर ११० टक्क्यांचे. पुढची कड ९ मीटर धरली, तर पहिल्याचे क्षेत्रफळ २० चौरस मीटरच्या किंचित वर जाते, दुसरे १५ च्या आत राहते.

मंद वाऱ्यात मोठे शीड हवेच. पण मुंबई बंदरात उन्हाळ्याच्या दुपारी वायव्येचा वारा चढला, की तेच शीड नौका कलती करते. गुंडाळून लहान करावे, तर त्याचा आकार बिघडतो. कापड पॉलिएस्टरचे चालते. मात्र उन्हाने शिलाई आधी विरते, म्हणून गुंडाळल्यावर उघड्या राहणाऱ्या कडांना जाड पट्टी लावून घ्यावी.

मुलाबाळांना घेऊन फिरणाऱ्याने लहान शीडच निवडावे. वारा पडला, तर घरी पोहोचायला उशीर होईल, एवढेच.