कार्बन फ्रेम घेण्यापूर्वी

खडी-मातीच्या रस्त्यांवर वेगाने जाण्यासाठी बनवलेली सायकल म्हणजे ग्रॅव्हल बाइक. तिची कार्बन फ्रेम निवडताना बहुतेक जण आधी वजन विचारतात. पण वजनावरून सगळे कळत नाही.

स्पेशलाइज्ड कंपनीच्या दोन फ्रेम पाहू. एस-वर्क्स क्रक्सची फ्रेम ५६ मापात फक्त ७२५ ग्रॅमची आहे. डायव्हर्ज तिच्याहून जड, पण तिच्या हँडलखाली २० मिलिमीटर दबणारी स्प्रिंग आहे. शर्यतीसाठी क्रक्स चांगली. दिवसभर हादरे सोसायचे असतील तर डायव्हर्ज.

मग तीन गोष्टी तपासा.

पहिली, टायरची जागा. क्रक्समध्ये ४७ मिलिमीटरपर्यंतचा टायर बसतो. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, त्यामुळे पकड वाढते आणि धक्के कमी बसतात. चिखलासाठीही थोडी मोकळी जागा हवी.

दुसरी, माप. दोन कंपन्यांचे ‘५६’ सारखे नसते. म्हणून स्टॅक आणि रीच हे आकडे ताडून पाहा. क्रँकच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक आणि आडवे अंतर म्हणजे रीच.

तिसरी, जुनी फ्रेम असल्यास तिची प्रकृती. स्टील मार लागल्यावर वाकते, ते डोळ्यांना दिसते. कार्बन आतून तडकूनही वरून धड दिसू शकते आणि उतारावर अचानक तुटू शकते. पडलेली फ्रेम जाणकाराकडून तपासल्याशिवाय घेऊ नका.

आपल्या वयात उंची अजून वाढते आहे. आज बेतून घेतलेली महागडी फ्रेम वर्षभरात आखूड पडेल. तोवर साध्या सायकलवर पाय तयार करावेत, हेच बरे.