रोबो आधी चालला पाहिजे: शालेय संघाची पहिली ड्राइव्हट्रेन

अमेरिकेतील शाळांमध्ये जानेवारी उजाडताच ‘फर्स्ट रोबोटिक्स’ स्पर्धेची लगबग सुरू होते. डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेची ही स्पर्धा १९९२ पासून भरते. खेळाचे नियम जाहीर झाल्यापासून पहिल्या सामन्यापर्यंत जेमतेम दोन महिने मिळतात. नव्या संघाचे लक्ष साहजिकच वस्तू उचलणाऱ्या वा फेकणाऱ्या यंत्रणेकडे जाते; परंतु रोबो जागचा हलला नाही, तर त्या सर्व यंत्रणा निरुपयोगी ठरतात. म्हणूनच मोटरची शक्ती चाकांपर्यंत पोहोचवणारी ड्राइव्हट्रेन आधी ठरवणे शहाणपणाचे.

पर्याय मुख्यतः तीन. ‘स्वर्व्ह’मध्ये प्रत्येक चाक स्वतंत्रपणे फिरते आणि वळतेही, त्यासाठी आठ मोटर, संवेदक आणि बऱ्यापैकी गुंतागुंतीचा प्रोग्राम लागतो. ‘मेकॅनम’ चाकांच्या परिघावर तिरके रूळ असल्याने रोबो आडवा सरकू शकतो, मात्र रेटारेटीत मागे पडतो. तिसरा पर्याय सहा चाकांच्या ‘टँक’ रचनेचा: डावीकडची तिन्ही चाके एकत्र, उजवीकडची तिन्ही एकत्र. पहिल्या वर्षासाठी बहुधा हाच पर्याय योग्य ठरतो, कारण त्यात बिघडण्यासारखे भाग कमी असतात.

या रचनेत मधले चाक सुमारे ३ मिलिमीटर खाली बसवतात. टँक रचनेचा रोबो वळताना पुढची-मागची चाके जमिनीवर आडवी घासतात. मधले चाक खाली असल्यास एका वेळी चारच चाके टेकतात, टेकलेल्या चाकांमधील अंतर निम्मे होते आणि वळणे सोपे जाते.

खरा कस लागतो तो गिअरच्या गुणोत्तरात. अनेक वर्षे वापरात असलेली ‘सिम’ मोटर भार नसताना मिनिटाला सुमारे ५,३०० फेरे घेते. १०.७ गुणोत्तर आणि ६ इंची चाके असल्यास रोबोचा सैद्धांतिक वेग सेकंदाला जवळपास ४ मीटर येतो. घर्षण आणि भार धरता प्रत्यक्षात तो त्याहून कमीच भरतो.

एवढ्यावर समाधान मानले, तर गफलत होते. बॅटरी व बंपरसह रोबोचे वजन ६८ किलो आणि चाकांची पकड वजनाइतकीच धरली, तर चाके जागीच घसरू लागेपर्यंत रेटण्यासाठी चारपैकी प्रत्येक मोटरला सुमारे ६५ अँपिअर प्रवाह लागतो. प्रत्येक मोटरचा ब्रेकर असतो ४० अँपिअरचा, तर संपूर्ण रोबोचा मुख्य ब्रेकर १२० अँपिअरचा. ब्रेकर क्षणार्धात तुटत नाहीत. पण रेटारेटी लांबली, तर व्होल्टेज कोसळते, नियंत्रक मोटर बंद करतो किंवा ब्रेकरच पडतो. अडीच मिनिटांच्या सामन्यात रोबो मैदानाच्या मधोमध निश्चल उभा राहतो.

गुणोत्तर १६ केल्यास तोच प्रवाह ४५ अँपिअरच्या आसपास येतो, परंतु सैद्धांतिक वेग २.७ मीटरपर्यंत उतरतो. वेग आणि जोर यांची ही देवाणघेवाण टळत नाही. यंदाच्या खेळात मैदानभर धावायचे आहे की प्रतिस्पर्ध्याला रोखायचे आहे, यावर निर्णय अवलंबून असतो. प्रोग्रामद्वारे मोटरच्या प्रवाहावर मर्यादा घालणे हा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे.

अनेक मराठी अभियंते आपल्या पाल्यांच्या संघांना मार्गदर्शन करतात. हे गणित स्वतः सोडवून देण्याचा मोह त्यांनी आवरावा. वेग, प्रवाह आणि वजन यांचा तक्ता विद्यार्थ्यांनीच मांडला, तर सामन्यात रोबो थांबल्यावर कारण कोठे शोधायचे हे त्यांना ठाऊक असते. सांगाडा पहिल्या दोन आठवड्यांत चालता झाला, तर चालकालाही सरावासाठी पुरेसा अवधी मिळतो. आणि नवख्या संघाला महागड्या चाकांपेक्षा त्या सरावाचाच अधिक उपयोग होतो.